टाप आणि चाक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा जयपुरातील महाराष्ट्रीयांच्या आगमनाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही मनाशी योजिले होते. परंतु तो विषय आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी यापूर्वीच हाताळलेला आहे; आणि दुसरे असे की, त्याच सुमारास कार्यकारिणीच्या बैठकीत झालेल्या एका वादाने आमचा विषयच बदलून टाकला.

तरुण विभागाच्या मुलामुलींनी प्रस्ताव ठेवला की, महोत्सवी वर्षानिमित्त श्रावणात, डोंगर हिरवेगार झालेले असताना, अरवलीच्या जंगलवाटांवर मोटारसायकलींची सहल काढावी. (इकडचा श्रावण आपल्याहून पंधरा दिवस आधी लागतो, हे नव्याने येथे आलेल्या कुटुंबांसाठी सांगून ठेवतो.) माती, चिखल आणि दगडगोटे यांवरून नेण्यासाठीच ज्यांची घडण झालेली असते, त्या गाड्यांना सारे जग आता डर्ट बाइक म्हणते. तशा चार-पाच गाड्या आपल्या मंडळींच्या घरांत आहेत, ही बातमी आम्हां वडीलधाऱ्यांना त्या बैठकीतच कळली. झाले! एका बाजूने "हे कसले खूळ?" आणि दुसऱ्या बाजूने "तुम्हांला त्यातले काय कळणार?" असा सामना जुंपला. शेवटी दोन्ही पक्ष आमच्या तोंडाकडे पाहू लागले. कारण ऐन उमेदीच्या काळात सरकारी कामानिमित्त आम्ही तीन वर्षे फटफटीवरून मेवाडचे डोंगर पालथे घातले होते, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. तेथे बोलायला हवे होते ते आज येथे लिहीत आहोत.

प्रथम वाटांविषयी. पालनपूरच्या बाजूस सुरू होऊन दिल्लीपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर पसरलेली अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक होय. आपला सह्याद्री उंच, ताठ आणि कड्यांचा. अरवली झिजलेली, ठिकठिकाणी तुटलेली, आणि म्हणूनच खिंडींनी भरलेली. मेवाडात अशा खिंडीला 'नाल' म्हणतात. देसूरीची नाल प्रसिद्धच आहे. सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या अरुंद घळीला आपण 'नाळ' म्हणतो. हजार किलोमीटरांच्या अंतरावर, दोन भिन्न भाषांत, डोंगर ओलांडण्याच्या जागेला जवळजवळ एकच शब्द भेटावा, याचा आम्हांला पहिल्या पोस्टिंगच्या वेळी केवढा आधार वाटला होता! परमुलखात माणूस असल्या लहानशा गोष्टींवरही तग धरतो.

या खिंडींतून आणि त्यांच्या पायथ्याने आपले पूर्वज गेले ते घोड्यावरून. त्या इतिहासाची सर्व पाने अभिमानाने वाचावीत अशी नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. १७४८ च्या ऑगस्टात, भर पावसात, जयपूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या बगरू येथे सवाई ईश्वरीसिंहाचे सैन्य आणि मल्हारराव होळकरांसह माधोसिंहाचा पक्ष यांची कित्येक दिवस लढाई चालली. तोफा समोर अडून राहिल्या असता होळकरांचे कारभारी गंगाधरतात्या हलके घोडदळ घेऊन वळसा घालून शत्रूच्या पिछाडीवर गेले, आणि पारडे फिरले. चपळ स्वाराने आडवाटेने जाऊन अवजड फौजेला जेरीस आणावे, ही आपली जुनी रीत. पण त्याच विजयाची परिणती पुढे खंडणीच्या तगाद्यात झाली. १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. आणि १७५१ च्या जानेवारीत, जयपूर शहर पाहण्यास व बाजारहाट करण्यास तटाच्या आत आलेल्या हजारो मराठ्यांवर नगरवासीयांनी हल्ला चढविला. त्यांतील बहुतेक मारले गेले. ज्या परकोटात आपण आज संक्रांतीचे तीळ आणि हरतालिकेची पत्री घ्यावयास जातो, तेथेच हे घडले. पुढे १७८७ मध्ये तुंगा आणि १७९० मध्ये तंवरावाटीच्या डोंगरांतील पाटण येथे महादजी शिंद्यांच्या फौजा लढल्या. तो विस्तार येथे करीत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या घोडदळाची एकच गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती सहसा कोणी लक्षात घेत नाही. मराठी स्वारी दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे आणि मृग जवळ आला की छावणीत विसावे. बगरूसारखे अपवाद घडले. पण नियम तो. चार महिने घोड्यांना विश्रांती मिळे, माणसे शेतीकडे पाहत, आणि त्याबरोबर वाटांनाही विश्रांती मिळे. पावसाने सैल झालेली माती टापांखाली येतच नसे.

दुसरी गोष्ट टापेची. घोडा चालतो तेव्हा मातीत सुटे सुटे खळगे पडतात. पाणी त्यांत साचते, मुरते, फार तर ओघळते. चाकाचे तसे नाही. चाक उतारावर एक अखंड रेघ ओढते, आणि पाण्याला अखंड रेघेइतके प्रिय दुसरे काही नसते. जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. सातवाहनांच्या काळापासून वाहता असलेला नाणेघाट पाहा, किंवा येथलाच, जयपूर शहरातून नाहरगडावर वळणे घेत चढणारा जुना रस्ता पाहा. नाहरगड सवाई जयसिंहाने १७३४ मध्ये बांधला. जेथे रहदारी कायमची, तेथे दगड बसवून वाट बांधून काढलेली आहे. दगडी उताराला जयपुरात 'खुर्रा' म्हणतात. उघड्या मातीच्या उतारावरून नित्याची रहदारी नेऊ नये, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच होते.

आता चाकाकडे वळू. गॉटलीब डाइमलर याने १८८५ मध्ये जर्मनीत लाकडी सांगाड्याला इंजिन बसवून पहिली मोटारसायकल चालविली, आणि पुढल्या तीस वर्षांच्या आतच माणसाने हे यंत्र डोंगरात नेले. इंग्लंडमध्ये कार्लाइल येथे १९१३ मध्ये सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी भरली. वाईट वाटांवरून, डोंगराळ प्रदेशातून, ठरलेल्या वेळात गाडी धडपणे पोहोचते की नाही, हे पाहणे हा तिचा हेतू. तीच आज 'एंड्युरो' नावाने ओळखली जाते. १९२४ मध्ये कॅम्बर्ली येथे काही हौशी मंडळींनी चाचणीतील कसोटीचे कलमच काढून टाकले आणि उंचसखल रानातून निव्वळ शर्यत लावली. तिला नाव पडले 'स्क्रॅम्बल', म्हणजे अक्षरशः धडपड. आजच्या मोटोक्रॉसचा उगम तो. थोडक्यात, टिकाऊपणा तपासण्यासाठी निघालेली गोष्ट अकरा वर्षांत खेळ झाली. आमच्या तरुण मित्रांनी हे ध्यानात घ्यावे, आणि ज्येष्ठांनीही. कारण हे खूळ कालपरवाचे नसून शंभर वर्षांचे आहे.

आणि ते परकेही नाही. आपल्याकडे ज्या गाडीला घरातल्या वडीलधाऱ्यांइतका मान, त्या बुलेटचीच गोष्ट घ्या. रेडिच येथील रॉयल एनफील्ड कारखान्याने मागच्या चाकाला झोका देणारी, स्प्रिंगांवर तोललेली नवी जोडणी तयार केली. तोवर मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे. ही मऊ गाडी डोंगरात काय कामाची, अशी जाणकारांची टीका होती. कारखान्याने १९४८ मध्ये तिचे नमुने चिखलाच्या चाचण्यांतच उतरविले, आणि त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या चाचणीत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघात बुलेटस्वार होते. पुढे आपल्या सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी हीच गाडी पसंत पडली आणि १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे तिची जुळणी होऊ लागली. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ च्या सुमारास बाहेर पडू लागलेल्या जावा गाड्यांच्या चेकोस्लोव्हाक भावंडांनीही याच चाचण्यांत वर्षानुवर्षे नाव कमावले होते. म्हणजे कचेरीत जाण्यासाठी आपल्या वडिलांनी जी गाडी कर्ज काढून घेतली, तिचे कूळ डोंगरातलेच.

आमच्या वाट्याला मात्र आली राजदूत. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने एका पोलिश गाडीच्या धर्तीवर १९६२ पासून काढलेली ही १७५ सी.सी.ची गाडी दूधवाल्यांची म्हणून प्रसिद्ध होती. तीन गिअर, साधे टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा, निळसर धूर. दोन्ही बाजूंना कॅन लावून ती बांधावरून हाका, नाल्यातून काढा, तक्रार नाही. १९९६ मध्ये आमची नेमणूक उदयपूरला झाली. नमुना पाहणीसाठी निवडलेल्या खेड्यांत जाऊन घरोघरीचे आकडे टिपणे हे काम. गोगुंदा आणि कोटडा या तहसिलींतील कित्येक पाडे तेव्हा रस्त्यापासून दोन-दोन तासांच्या पायवाटेवर होते. कचेरीची जुनी राजदूत आम्हां दोघांत मिळून होती.

त्या वाटा कशा होत्या, हे सांगितल्याविना पुढे जाववत नाही. उन्हाळ्यात धोकाची झाडे निष्पर्ण, डोंगर भाजून तांबूस झालेले, सालरांच्या पांढुरक्या साली उन्हात चमकणाऱ्या. पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत तोच डोंगर ओळखू येऊ नये इतका हिरवा. सकाळी सातला, गार हवेत, दुसऱ्या गिअरवर गुरगुरत नालेतून वर चढताना आणि खिंडीच्या माथ्यावर इंजिन बंद केल्यावर जी शांतता भेटे, तिच्यासाठी आम्ही ते काम आनंदाने केले. भत्ता काही फारसा नव्हता. तरुणांना त्यातले सुख कळते, आणि ते आम्हांला कळत नाही, असे कोणी समजू नये.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात एका पाड्यावरून परतताना आम्ही घसरलो. उतार ओला, वर कुजलेला पाला. घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला. चाक फिरायचे थांबले आणि नांगराच्या फाळासारखे माती कापीत खाली गेले. गाडी एकीकडे, आम्ही दुसरीकडे. गळ्याचे हाड मोडले. पाड्यावरच्या भिल्ल बंधूंनी आम्हांला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचविले. चौघे वाहत होते, चौघे बदलीला बरोबर चालत होते. एकानेही पैसे घेतले नाहीत. घरी आईला पत्र लिहिले त्यात "किंचित मार लागला" एवढेच कळविले. परमुलखातून गेलेल्या पत्रांत किंचित या शब्दाचा अर्थ काय असतो, हे वाचक जाणतातच.

पुढल्या वर्षी त्याच पाड्यावर पाहणीचा दुसरा फेरा आला. घसरलो होतो ती जागा आम्ही शोधली, आणि क्षणभर काही समजेना. वाट होती तेथे गुडघाभर खोल ओहोळ पडला होता. आमच्यानंतर आणखी काही गाड्या तेथून गेल्या असतील, आमच्या एकट्याचे ते कर्तृत्व नव्हे. पण सुरुवात कोठून झाली असावी, याविषयी आमच्या मनात संशय राहिला नाही. खालच्या बाजूला मक्याचा एक लहानसा तुकडा होता. त्याच्या अर्ध्या भागावर गोटे आणि वाळू पसरली होती. त्या शेताची मालकीण, सत्तरीची असावी, आमच्या कागदावर आपले धान्य किती पिकले ते सांगत होती. आकडा गतवर्षीच्या निम्म्याहून कमी. आम्ही कारण विचारले, कारण रकान्यात कारण लिहावे लागे. ती शांतपणे म्हणाली, "बाबूजी, पूर्वी पाणी डोंगरभर उतरायचे, आता तुमच्या वाटेने उतरते." रकान्यात आम्ही 'अतिवृष्टी' असे लिहिले. नोकरीतील पुष्कळ नोंदी विसरलो, ही नाही.

राजदूतसारखी अडाणी गाडी जे करू शकली, त्याच्या कितीतरी पट आजची गाडी करू शकते, कारण ती त्याच कामासाठी घडविली आहे. आणि योगायोग असा की, ती येथे, आपल्या शहराच्या वेशीवर घडविली जाते. दिल्ली रस्त्याला आमेर ओलांडले की कूकस लागते. तेथे अरवलीच्या पायथ्याशी हिरो मोटोकॉर्पचे संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. निरनिराळ्या पृष्ठभागांच्या चाचणीवाटा आतच बांधलेल्या आहेत. २०१९ मध्ये बाजारात आलेली एक्सपल्स ही दोनशे सी.सी.ची गाडी या केंद्राची निर्मिती. तिचे पुढचे चाक एकवीस इंची. असे का, हे मुलांनीच आम्हांला समजावून दिले: चाक जेवढे मोठे तेवढे ते दगडाला धडकण्याऐवजी त्याच्यावर चढते. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, पुढचे स्प्रिंग १९० मिलिमीटरपर्यंत दबणारे. पुण्याजवळ चाकणलाही ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या गाड्या बजाजच्या कारखान्यात तयार होतात. अशी गाडी हाती आल्यावर पोराला काळ्या रस्त्यावर समाधान मिळेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

यातील धोका मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये जगातील सर्वांत खडतर मानली जाणारी डकार शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला. तोच २०२१ मध्ये त्याच शर्यतीत पडला आणि डॉक्टरांना त्याला कित्येक दिवस औषधाने बेशुद्ध ठेवावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी हिरोच्याच संघाचा पाउलो गोन्साल्व्हिश हा कसलेला पोर्तुगीज स्वार वाळवंटात मृत्यू पावला. हे जगातील निष्णात लोक. त्यांच्यामागे वैद्य आणि हेलिकॉप्टर असते. आपल्यामागे, नशीब असेल तर, खाट घेऊन आठ माणसे असतात.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो, कारण सरकारी माणसाकडून तेवढी अपेक्षा असतेच. नाहरगडच्या भोवतालचे जंगल १९८० पासून अभयारण्य आहे. जमवारामगढ आणि सरिस्का यांचेही तसेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये अशा क्षेत्रात परवानगीविना प्रवेश नाही, मग गाडी कितीही सुंदर असो. झालाना तर शहराला लागून, आणि तेथे बिबट्यांचा वावर. सरिस्कातील सगळे वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले आणि २००८ मध्ये रणथंभोरहून नवे आणावे लागले, हा इतिहास जुना नाही. निव्वळ शर्यतीसाठी बनविलेली, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविताच येत नाही. ती टेंपोतून न्यावी लागते. हे सर्व मुलांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते इतकेच की, त्यांनी निवडलेला महिना हा नेमका चुकीचा महिना आहे. डोंगर सर्वांत देखणा दिसतो तेव्हाच त्याची कातडी सर्वांत नाजूक असते. वाळलेल्या मुरुमावरून गेलेले चाक धूळ उडविते. भिजलेल्या मातीवरून गेलेले चाक ओहोळाला जन्म देते. त्यातही चढण्यापेक्षा उतरताना, आणि धावत्या चाकापेक्षा ब्रेकने आवळलेल्या चाकाने, घात अधिक होतो.

हा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी आम्ही तरुण विभागाच्या दोघांना वाचून दाखविला. मुलगी काही बोलली नाही, मुलाने विचारले, "काका, त्या आजीच्या शेताचं पुढं काय झालं?" आम्हांला सांगता आले नाही. १९९९ मध्ये आमची बदली झाली, आणि त्या पाड्यावर आम्ही पुन्हा गेलो नाही. उदयपूर येथून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास आहे, हे आम्ही त्याला सांगितले नाही, पण ते त्याला ठाऊक असावे.

प्रस्ताव आता सुधारून आला आहे. सहल श्रावणात नव्हे, दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर निघेल. अभयारण्याच्या हद्दीबाहेर एका शेतकऱ्याच्या पडीक, खडकाळ रानात, त्याच्या संमतीने आणि त्याला भाडे देऊन. गाड्या टेंपोतून जातील. शिरस्त्राण, गुडघ्याचे आणि छातीचे चिलखत यांविना कोणी गाडीवर बसणार नाही, आणि अठरा वर्षांखालील कोणीही नाही. कार्यकारिणीने एकमताने मंजुरी दिली, एका ज्येष्ठ भगिनींनी फक्त "डबे कोण करणार?" एवढाच प्रश्न विचारला. प्रथमोपचाराची पेटी आणि चहाचा थर्मास सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले आहे. खाटेची व्यवस्थाही आम्ही करून ठेवली आहे, परंतु ती गोष्ट कोणाच्या आईला सांगितलेली नाही.